ग्लायडरमध्ये पॅराशूट: घालण्यापासून घडीपर्यंत, क्रमाने

मुंबईहून पुण्याला ग्लायडिंग शिकायला जाणाऱ्यांमध्ये एक चूक मी दर हंगामात पाहतो. ग्लायडर, म्हणजे इंजिन नसलेलं विमान, उतरतं, थांबतं, पारदर्शक झाकण उघडतं. विद्यार्थी बसल्या जागीच आधी पॅराशूटचे पट्टे सोडतो, ते सीटवर टाकतो आणि मोकळा होऊन बाहेर येतो. पहिल्या वर्षी मीही हेच करत होतो. एका ज्येष्ठ प्रशिक्षकाने एकदा खांद्यावर हात ठेवून विचारलं, "वर आकाशात घाईने निघायची वेळ आली तर हात काय करतील?" उत्तर सरळ होतं. हात रोजचंच करतील, म्हणजे मी पॅराशूट ग्लायडरमध्येच सोडून बाहेर उडी मारेन.

हा लेख त्या एका सवयीसाठी लिहिला आहे. त्याआधीच्या आणि नंतरच्या पायऱ्याही दिल्या आहेत, कारण लोक चुकतात ते मुख्यतः क्रमात.

शब्दांचा एक घोळ आधी मिटवतो. ग्लायडरवरच्या पारदर्शक आच्छादनालाही कॅनोपी म्हणतात आणि पॅराशूटच्या कापडालाही. इथे ग्लायडरचं ते "झाकण" आणि पॅराशूटची ती "छत्री".

## १. पॅराशूट योग्य आहे का, आणि वजनाचं गणित

ग्लायडरसाठी वैमानिकाचं आणीबाणीचं पॅराशूट लागतं. ते पाठीला चिकटून बसणारं, लांबट आणि पातळ असतं, कारण ग्लायडरची सीट मागे कललेली असते. त्यात छत्री एकच, बहुतेक वेळा गोल, आणि ती लवकर उघडेल अशी बनवलेली. स्कायडायव्हिंग करणाऱ्या मित्राचं पॅराशूट आणू नका. ते जाडजूड असतं, सीटमध्ये नीट बसत नाही. त्याची मुख्य छत्री झटका बसू नये म्हणून मुद्दाम सावकाश उघडणारी असते.

पॅराशूटवरच्या लेबलवर वजनाची मर्यादा असते, ती वाचा. मग ग्लायडरमधला वजनाचा फलक वाचा. त्यावर कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती वजन चालतं ते लिहिलेलं असतं आणि ते पॅराशूटसकट धरायचं असतं. समजा, फलकावर कमीत कमी ७० किलो आहे. तुम्ही ६२ किलोचे आणि पॅराशूट ७ किलोचं, म्हणजे झाले ६९. तरीही एक किलो कमीच, ग्लायडरमध्ये जादा वजनाची पट्टी बसवावी लागेल. त्याच दिवशी उकडतं म्हणून पॅराशूट काढून ठेवलंत तर आठ किलो कमी पडतील. नाकाकडचं वजन कमी झालं की ग्लायडर शेपटीकडे जड होतं आणि स्पिनमध्ये गेलं, म्हणजे गरगरत खाली येऊ लागलं, तर त्यातून बाहेर काढणं अवघड होतं. वजन घरच्या काट्यावर अंदाजाने करू नका. उडताना घालायचे बूट, कपडे आणि पॅराशूट यांच्यासकट करा.

इशारा: पॅराशूट नसेल तर पाठीमागे घरची मऊ उशी ठेवू नका. पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रात ग्लायडर विंचने, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने, ओढतात. दोर ताणला की काही क्षणांत जोराचा धक्का बसतो, मऊ उशी दबते, तुम्ही मागे सरकता आणि हातातली नियंत्रणाची काठी तुमच्याबरोबर मागे येते. नाक जमिनीजवळच एकदम वर जातं. पॅराशूटच्या जागी काही ठेवायचंच असेल तर ते न दबणारं असावं आणि प्रशिक्षकाने पाहिलेलं असावं.

## २. मुंबईहून पुण्यापर्यंत नेताना

पॅराशूट स्वतःचं असेल तर ते कापडी पिशवीत, चेन लावून न्या. लोकलमध्ये किंवा दादरच्या जिन्यावर ते सॅकसारखं पाठीला लावू नका. छातीजवळचं हँडल, जे ओढल्यावर छत्री उघडते, दुसऱ्याच्या पिशवीच्या बंदात अडकायला एक धक्का पुरतो. गाडीत सीटखाली ओलं असू शकतं, वरच्या फळीवर ठेवलं तर कुणाची तरी पाण्याची बाटली गळते. मांडीवर किंवा शेजारी ठेवा. कारने जात असाल तर डिकीत ठेवून द्रुतगती मार्गावरच्या फूडमॉलवर उन्हात गाडी उभी करू नका. बॅटरी, ऑइलचा डबा, पेट्रोलचं कॅन यांच्या शेजारी तर कधीच नको. बॅटरीतलं आम्ल नायलॉनला लागलं की कापड वरून धड दिसतं, पण ताकद गेलेली असते.

उचलताना खांद्याच्या पट्ट्यांना धरून उचला. हँडलला हात लावून उचलणारे मी डोळ्यांनी पाहिले आहेत.

## ३. सकाळची तपासणी, घालण्याआधी

ही तपासणी तुमची तुम्ही करायची. "ग्लायडिंग केंद्राचं आहे, बघितलंच असेल" हे वाक्य इथे चालत नाही.

पॅराशूट कोरड्या चादरीवर किंवा टेबलावर पालथं ठेवा. दव पडलेल्या गवतावर नाही. मग या क्रमाने बघा:

१. घडीचं कार्ड. ते खिशात असतं. छत्रीची शेवटची घडी कधी घातली, कुणी घातली आणि मुदत केव्हा संपते ते वाचा. अमेरिकेच्या नियमांत नायलॉनच्या छत्रीला १८० दिवसांची मुदत आहे, काही युरोपीय उत्पादक वर्षभराची देतात. तुमच्या पॅराशूटच्या पुस्तिकेत जी असेल ती धरा.

२. पिना. पाठीवरचं झाकणीसारखं कापड उघडा. पिना सरळ हव्यात आणि आपापल्या फासांत पूर्ण बसलेल्या हव्यात. अर्धवट सरकलेली पिन वाकत गेलेली असू शकते. वाकलेली पिन ओढल्यावर येत नाही.

३. लाल दोरा आणि शिशाचा शिक्का. दोरा तुटला असेल तर कुणीतरी पॅराशूट उघडलं आहे किंवा हँडल कशात तरी अडकलं होतं. कारण काहीही असो, आज ते उडत नाही.

४. हँडल. आपल्या खिशात घट्ट बसलेलं हवं. त्यातून निघणारी तार नळीत मोकळी सरकते का, नळी कुठे मुडपली आहे का ते पाहा.

५. पट्टे आणि शिलाई. हाताने चाचपा. पिवळसर पडलेला, कडक झालेला किंवा धागे सुटलेला भाग म्हणजे ऊन, घाम किंवा रसायन.

६. कड्या आणि हुक. समुद्राकाठच्या घरात धातूवर गंज फार लवकर चढतो. दादर, वरळी, वर्सोवा इथे राहणाऱ्यांनी हे बोटाने घासून पाहावं. हुक उघडून मिटून त्याची स्प्रिंग तपासा.

७. वास आणि ओल. कुबट वास आला तर आत ओल गेली आहे.

तपासा: पॅराशूट हाताने उघडायचं आहे की आपोआप उघडणारं? आपोआप उघडणाऱ्यात एक लांब दोर असतो आणि त्याचं हुक ग्लायडरमधल्या ठरलेल्या, साधारणपणे लाल, कडीत अडकवायचं असतं. तुमचं पॅराशूट कोणत्या प्रकारचं आहे हे ठामपणे सांगता येत नसेल तर पुढची पायरी घेऊ नका.

## ४. घालणं

नेहमी ग्लायडरच्या बाहेर, उभं राहून. सीटवर ठेवलेल्या पॅराशूटमध्ये जाऊन बसणाऱ्याचे मांडीचे पट्टे हमखास ढिले राहतात किंवा पिळलेले असतात.

सगळे पट्टे आधी पूर्ण सैल करा. खांद्यावर घ्या, छातीचा पट्टा लावा, मग मांड्यांचे दोन्ही. तुमच्या पुस्तिकेत क्रम वेगळा असेल तर तो घ्या, पण एकदा घेतलेला क्रम रोज तोच ठेवा. पट्टे पिळलेले नकोत. मांडीचे पट्टे इतके ओढा की ताठ उभं राहताना किंचित वाकावंसं वाटेल. बसल्यावर ते आपोआप सैल होतात आणि छत्री उघडते तेव्हा तुमचं सगळं वजन त्यांच्यावर येतं. सैल पट्ट्याने मांडीत गंभीर इजा होते. छातीचा पट्टा सुटा असेल तर माणूस पट्ट्यांतून निसटू शकतो.

ओढणी, गळ्यातली ओळखपत्राची दोरी, कमरेची पाकिटं, मोबाइलची वायर हे सगळं आधी काढून ठेवा. गळ्यात जाड साखळी असेल तर तीही.

मग उजवा हात छातीवरून हँडलपर्यंत नेऊन बघा. मग डावा. मग डोळे मिटून दोन्ही. हँडल बहुधा डाव्या बाजूला असतं, पण दुसऱ्याचं पॅराशूट घातलं तर गृहीत धरू नका.

## ५. ग्लायडरमध्ये बसणं

आता तुमच्या अंगावर पट्ट्यांचे दोन संच आहेत: पॅराशूटचे आणि सीटचे. सगळा गोंधळ इथेच होतो.

बसताना पॅराशूटची खालची कड सीटच्या किनाऱ्यावर घासू देऊ नका. नीट मागे सरकून बसा. सीटचे पट्टे पॅराशूटच्या पट्ट्यांवरून यायला हवेत, त्यांच्या आतून किंवा फासातून ओवलेले नकोत. मांडीजवळ हे नकळत होतं. एका विद्यार्थ्याच्या सीटचा कमरेचा पट्टा पॅराशूटच्या मांडीच्या पट्ट्याखालून गेला होता. बसल्यावर सगळं घट्ट आणि व्यवस्थित वाटत होतं. सराव म्हणून बाहेर पडायला सांगितलं तेव्हा तो अर्ध्यातच अडकला.

पट्टे लावून झाल्यावर हँडल पुन्हा चाचपा. सीटच्या खांद्याच्या पट्ट्याखाली ते झाकलं गेलं नाही ना? पाणी प्यायची नळी, हेडसेटची वायर आणि कॅमेऱ्याचा दोर हे बाहेर पडताना ओढल्यावर सुटणारे हवेत.

तपासा: आपोआप उघडणारं असेल तर त्याचं हुक कडीत लागलं का, हे बाहेर उभ्या असलेल्या माणसाने मोठ्याने सांगावं.

## ६. जमिनीवरचा सराव

लोक हीच पायरी गाळतात आणि मी सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायला सांगेन. एका दिवसात दोन उड्डाणं कमी झाली तरी चालतील.

आणीबाणीत बाहेर पडण्याचा क्रम तीन शब्दांचा: झाकण, पट्टे, बाहेर. मग हँडल.

झाकण. ते आणीबाणीत पूर्ण फेकून द्यायचं असतं, नुसतं उघडायचं नसतं. अलीकडच्या ग्लायडरमध्ये त्यासाठी लाल खटका असतो, रोजच्या उघडण्याचा पांढरा. पिवळा खटका ओढणारा दोर सोडण्याचा, निळा एअरब्रेकचा (उंची लवकर कमी करण्याचा), हिरवा ट्रिमचा (काठीवरचा जोर हलका करण्याचा). जुन्या ग्लायडरमध्ये दोन्ही बाजूंचे खटके एकदम ओढावे लागतात. तुमच्या ग्लायडरमध्ये काय आहे ते प्रशिक्षकासमोर बोट ठेवून सांगा. झाकण सरावासाठी खरंच सोडायचं असेल तर ते फक्त परवानगीने आणि दोघांनी दोन्ही बाजूंनी धरलेलं असताना. ते महागडं आणि नाजूक असतं.

पट्टे. फक्त सीटचे. मधलं बकल एका हालचालीत उघडतं. पॅराशूटचे हुक वेगळे असतात, त्यांना हात लावायचा नाही. डोळे मिटून दहा वेळा करा, म्हणजे बोटांना दोन्हींतला फरक कळेल.

बाहेर. पाय आत ओढून घ्या, दोन्ही हात कडेवर दाबा, अंग वर उचला आणि कडेवरून लोटून द्या. जमिनीवर हे जमतं तेव्हा ग्लायडर स्थिर असतं. आकाशात ते गरगरत असेल आणि तुमचं अंग दुप्पट जड झालेलं असेल. म्हणून जमिनीवर तुम्हाला उठायलाच पंधरा सेकंद लागत असतील तर ते उत्तर गांभीर्याने घ्या. खांदे-दंडांचा व्यायाम करा, पोट कमी करा. चाळिशीनंतर हे सगळ्यांना लागू आहे.

मोबाइलवर वेळ लावा. पहिला प्रयत्न आणि दहावा प्रयत्न यांतला फरक लिहून ठेवा.

दोन आसनांच्या ग्लायडरमध्ये आधी कोण निघेल आणि "बाहेर" हा हुकूम कोणत्या शब्दांत येईल, हे उडण्याआधी विचारून घ्या. प्रशिक्षकाने स्वतःहून सांगितलं नाही तर "सर, निघायची वेळ आली तर आधी कोण?" एवढं विचारायला संकोच नको.

## ७. उंचीचा हिशोब आधीच ठरवा

ग्लायडर स्पिनमध्ये किंवा तुटून खाली येत असेल आणि सेकंदाला ३० मीटर पडत असेल, तर दहा सेकंदांत ३०० मीटर, म्हणजे जवळपास हजार फूट जातात. झाकण, पट्टे, बाहेर, हँडल, छत्री उघडणं या सगळ्याला दहा सेकंद म्हणजे चपळ माणसाचा वेळ. विंचने मिळणारी उंची साधारण हजार ते दीड हजार फूट असते. म्हणून दोर तुटणं, वर नेणारी हवा न मिळणं, मैदान लांब राहणं ही पॅराशूटची कामं नाहीत. तिथे नाक खाली करायचं, वेग राखायचा आणि ग्लायडर उतरवायचं.

पॅराशूट लागतं ते टक्कर झाल्यावर, पंख किंवा शेपूट तुटल्यावर, नियंत्रणं सुटल्यावर, आग लागल्यावर. टक्करीची भीती सर्वांत जास्त एकाच थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेत, अनेक ग्लायडर फिरत असताना असते. एक घार फिरताना दिसली की सगळे तिकडेच वळतात.

माझा स्वतःचा नियम असा. दीड हजार फुटांच्या वर काठीला प्रतिसाद नसेल तर वाट पाहायची नाही. हजारांच्या खाली ग्लायडर थोडं जरी ऐकत असेल तर त्यातच राहून उतरवायचं. अजिबात ऐकत नसेल तर उंची कितीही असो, निघायचं. तुमचे आकडे प्रशिक्षकाबरोबर ठरवा आणि प्रत्येक उड्डाणाआधी मोठ्याने म्हणा.

इशारा, खास मुंबईकरांसाठी: पुण्याची जमीन समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर, म्हणजे अठराशे फुटांच्या वर आहे. उंचीमापक समुद्रसपाटीला लावलेलं असेल आणि ते २८०० दाखवत असेल, तर तुम्ही जमिनीपासून जेमतेम हजार फुटांवर आहात. माझे वरचे आकडे जमिनीपासूनचे आहेत.

## ८. खरंच निघावं लागलं तर

बाहेर पडल्यावर ग्लायडरपासून मोकळे झालात की हँडल. उंची कमी असेल तर क्षणाचाही विलंब नाही. आधी हँडलकडे बघा, मग दोन्ही हातांनी पकडा, मग हात पूर्ण लांब होईपर्यंत ओढा. नुसतं हिसकलं तर पिना अर्ध्यावर राहतात. तार संपूर्ण बाहेर आली पाहिजे. आपोआप उघडणारं असलं तरी त्यात हँडलही असेल तर तेही ओढा.

गोल छत्रीखाली माणूस सेकंदाला पाच-सहा मीटर वेगाने खाली येतो. म्हणजे सव्वा ते पावणेदोन मीटरच्या भिंतीवरून उडी मारल्यासारखं. पाय जुळवा, गुडघे किंचित वाकवा, नजर क्षितिजाकडे ठेवा. जमीन बघत राहिलात तर पाय आपोआप लांब होतात आणि घोटे मोडतात. टेकल्यावर कुशीवर लोळण घ्या. विजेच्या तारा येत असतील तर पाय घट्ट जुळवा, हातांनी चेहरा झाका आणि एका वेळी दोन तारांना स्पर्श होऊ देऊ नका. हडपसरच्या भोवती आता शहर आहे, तेव्हा तारा आणि गच्च्या हे गृहीत धरा.

वारा असेल तर छत्री तुम्हाला फरपटत नेईल. खालच्या बाजूच्या दोऱ्या जवळ ओढून ती पाडा.

## ९. रोजचं उतरणं

ग्लायडर थांबलं. झाकण उघडा. फक्त सीटचे पट्टे सोडा. पॅराशूट अंगावर ठेवूनच बाहेर या. चार पावलं चाला. मग पट्टे काढा.

हे प्रत्येक उड्डाणानंतर, मागे रांग लागलेली असली तरीही. कुणी "आटप लवकर" म्हणालं तरी. विद्यार्थ्याने आत बसल्या बसल्या मांडीच्या हुकाला हात लावला की मी त्याला पुन्हा पट्टे लावायला सांगतो आणि पुन्हा बाहेर यायला लावतो. एका दिवसात सवय मोडते.

इशारा: आपोआप उघडणारं असेल तर बाहेर येण्याआधी त्याचं हुक कडीतून काढा. विसरलात तर छत्री तिथेच धावपट्टीवर पसरेल आणि दिवस संपेल. हा अपवाद पाठ करताना काळजी घ्या: हुक काढायचं ते ग्लायडर पूर्ण थांबल्यावर, पायाखाली जमीन असताना.

दोन उड्डाणांच्या मध्ये पॅराशूट पंखावर किंवा उन्हात टाकू नका. सावलीत, पिशवीत. रात्रभर ग्लायडरमध्ये ठेवू नका.

## १०. घडी आणि मुंबईचा पावसाळा

घडी स्वतः घालू नका. प्रशिक्षण घेतलेल्या माणसाकडून, उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणेच घालून घ्या. देताना एक विनंती करा: हँडल तुम्ही स्वतः ओढाल, पॅराशूट अंगावर असताना. किती जोर लागतो ते हाताला कळतं. अमेरिकी मानकात ही मर्यादा २२ पाउंड, म्हणजे साधारण दहा किलो आहे. दहा किलो ऐकायला थोडं वाटतं. पहिल्यांदा ओढणारे बहुतेक जण अर्ध्यावर थांबतात.

आपल्याकडे कोण घडी घालतं याची चौकशी हंगाम सुरू होण्याआधी महिनाभर करा. शोधताना एक नाव भेटेल, ग्लायडर्स इंडिया लिमिटेड. कानपूरची ही सरकारी कंपनी ग्लायडर नव्हे, पॅराशूट बनवते. नाव बघून गोंधळू नका.

घडी पावसाळ्याआधी घालून ठेवावी की नंतर? माझ्या मते नंतर. जून ते सप्टेंबर उड्डाणं बहुतेक बंदच असतात आणि मुंबईच्या हवेत घडीची मुदत वाया जाते. ऑक्टोबरात उघडून, सावलीत हवा देऊन, नवी घडी घातली की हंगाम कोरड्या छत्रीने सुरू होतो.

पावसाळ्यात ठेवायची जागा: आतल्या भिंतीचं कपाट, मधला कप्पा. बाहेरच्या भिंतीला ओल येते. माळा नको, स्लॅब गळतो आणि उंदीर घर करतात. बाल्कनी नको. पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाका, पॅराशूटच्या आत खुपसू नका, आणि महिन्याला बदला. डांबराच्या गोळ्या, परफ्यूम, झुरळांचं औषध यांपासून लांब. महिन्यातून एकदा काढून पंख्याखाली दोन तास ठेवा.

खंडेनवमीला आमच्याकडे पॅराशूटचीही पूजा होते. हळदकुंकू आणि झेंडूचं फूल पिशवीवर वाहतो, पॅराशूटवर नाही, आणि निरांजन पाटाच्या दुसऱ्या टोकाला ठेवतो. नायलॉनला ठिणगी सोसत नाही. म्हणून दिवाळीत फटाके सुरू झाले की त्या खोलीची खिडकी बंद.

शेवटी एक छोटी वही ठेवा: घडीची तारीख, मुदत, भिजलं किंवा ऑइल लागलं तर कधी, हँडल ओढल्याचा दिवस, आणि बाहेर पडण्याच्या सरावाचे सेकंद. पॅराशूट दुसऱ्याला वापरायला दिलंत तर वहीही बरोबर द्या.